टर्बो की सुपरचार्जर? २०१३ ची एफआर-एस, घाटरस्ते आणि कॅलिफोर्नियाचा स्मॉग

सनीवेलकर

नमस्कार मंडळी. वाहन विभागात तीन-चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

गाडी २०१३ ची सायन एफआर-एस, सहा गिअरची मॅन्युअल. बाकी जगात हीच गाडी टोयोटा जीटी८६, आणि सुबारूची बीआरझेड हे तिचं जुळं भावंड. २ लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० अश्वशक्ती, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) १२.५ ला १. सेकंडहँड घेऊन चार वर्षं झाली. गाडीवर जीव आहे, पण एक दुखणं आहे. ३५०० ते ४५०० आरपीएमच्या मध्ये टॉर्कला खड्डा पडतो. रविवारी सकाळी पेज मिल रोडने स्कायलाइनवर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी क्षणभर "बघते, सांगते" म्हणते आणि ४६०० नंतर एकदम उठून पळते. ज्यांनी चालवलीय त्यांना कळेल.

आता मनात हवा भरायची आहे. इंजिनात, म्हणजे. टर्बो किट घालू की सुपरचार्जर? बजेट फिटिंग धरून ७ हजार डॉलर. रोज ऑफिसला १४ मैल, रविवारी डोंगर, वर्षातून दोनदा लागुना सेकाला ट्रॅक डे. मला ४०० अश्वशक्ती वगैरे नको. २७०-२८० पुरे.

खटारा

७ हजार डॉलरमध्ये इकडे माझी अख्खी गाडी येते, वर डिकीभर हापूस. दिवे घ्या. वाचतोय.

बूस्टबापू

सनीवेलकर, चांगला धागा. पोटापाण्यासाठी टर्बो जुळवण्याचंच काम करतो (पुणे, बहुतेक डिझेल), त्यामुळे मत थोडं एका बाजूला झुकलेलं धरून चाला.

आधी मूळ गोष्ट. दोन्ही यंत्रं एकच काम करतात, हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतात. फरक ताकद कुठून आणतात यात. सुपरचार्जर क्रँकच्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो. टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर फिरतो, लाखभर आरपीएमच्याही पुढे. म्हणून लोक म्हणतात टर्बो फुकट आणि सुपरचार्जर खादाड. फुकट काही नसतं. टर्बाइन वाटेत उभी असल्यामुळे वायू बाहेर ढकलायला पिस्टनला जास्त जोर लावावा लागतो. पण हिशोब एकंदरीत टर्बोच्या बाजूने बसतो, कारण तो वायू नाहीतरी उष्णता घेऊन वाया जाणारच असतो.

तुमच्या इंजिनासाठी ढोबळ गणित केलं. अर्धा बार बूस्ट (म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा अर्धा बार जास्त दाब), ६००० आरपीएम. हवा दाबायलाच साधारण १२-१३ अश्वशक्ती लागतात. सुपरचार्जर त्या थेट क्रँककडून घेणार. डॉज हेलकॅटच्या ६.२ लिटर व्ही८ चा सुपरचार्जर फिरवायला ८० च्या आसपास लागतात, पण ते ७०७ अश्वशक्तीचं धूड आहे. तुमच्या मापात १२-१३ हे काही रडायचं कारण नाही.

खरी काळजी उष्णतेची. सायकलला पंपाने हवा भरताना नळीचं तोंड चटका देतं, तेच इथे. २७ अंशांची हवा अर्धा बार दाबली की कॉम्प्रेसर चांगला असला तरी ८० अंशांच्या आसपास जाते, रूट्स जातीचा ब्लोअर (सुपरचार्जरची एक जात) असेल तर ९० च्या जवळ. ती गरम हवा १२.५ कॉम्प्रेशनमध्ये अजून दाबली जाणार. इंधन अवेळी पेटून इंजिन खडखडलं की पिस्टनची धुलाई. म्हणजे दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर हवाच, आणि बूस्ट हावरटासारखा नको.

आता माझा प्रश्न. गाडी प्रत्यक्षात कुठल्या आरपीएमला चालवता? "रविवारी डोंगर" हे उत्तर नाही. आकडा द्या.

आजोबा मोड

जास्त कॉम्प्रेशन आणि टर्बो यावरून आठवलं. १९६२ सालची ओल्डस्मोबिल जेटफायर, टर्बो घेऊन बाजारात आलेल्या पहिल्या दोन गाड्यांपैकी एक (दुसरी शेव्हरोले कोर्व्हेर). कॉम्प्रेशन १०.२५. खडखड होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय होती, नाव काय तर टर्बो रॉकेट फ्लुइड! लोक ती टाकी भरायलाच विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट कमी करायची आणि मालक म्हणायचे, टर्बोत दम नाही.

अवांतर: टर्बोचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीचं, १९०५ चं. रूट्स ब्लोअर त्याहून जुना, अमेरिकेतल्या रूट्स बंधूंचा, १८६० चा. मोटारीचा तेव्हा पत्ता नव्हता. तो भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायचा. म्हणजे सनीवेलकर बोनेटखाली लोहाराचा भाता बसवायला निघालेत.

सनीवेलकर

लोहाराचा भाता! बायकोला वाचून दाखवलं. तिच्या मते भट्टीत डॉलर टाकायचे आहेत हे नक्की, भाता कुठला हा तपशील.

बूस्टबापू, आरपीएमचा आकडा खरंच माहीत नाही. ओबीडीचा डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा) पडून आहे, दोन आठवडे लॉग करतो.

नाशिकचा मिस्त्री

आमच्याकडे ट्रक, पिकअप, ट्रॅक्टर. पेट्रोल टर्बो कमीच. पण टर्बो उघडून उघडून हात काळे झालेत म्हणून लिहितो.

टर्बो मरतो तो ऑइलने. शंभरातले नव्वद. ऑइल वेळेवर बदललं नाही, हलकं टाकलं, किंवा घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून गाडी बंद केली. आतली शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगते. गाडी बंद, तेल बंद, आणि बाजूला टर्बाइन लालबुंद. तेल तिथेच जळून कोळसा होतो, बारीक पाइप चोंदतो. मग गिऱ्हाईक येतं, मिस्त्री गाडी निळा धूर मारते. मी नळी काढून बोटाने शाफ्ट वरखाली हलवून दाखवतो. प्ले आलाय. गिऱ्हाईक म्हणतं कंपनीचा माल खराब.

तुमचं इंजिन आडवं आहे ना? बॉक्सरचा टर्बो खाली लावला तर तेल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) जायला उतार मिळतो का बघा. उतार नसेल तर ते तेल ओढायला वेगळा पंप लावावा लागतो. तो पंप बंद पडला की टर्बो तेलात बुडून धूर. विकत घेताना एवढं एक विचारा, बाकी रंगीत फोटो बघू नका.

जर्सीची मियाटा

मिस्त्रीकाकांना +१००.

माझ्याकडे १.८ ची जुनी माझदा मियाटा आहे, टर्बो किट घालून सहावं वर्ष. नवऱ्याने नाही, मीच घातला, गॅरेजमध्ये तीन शनिवार-रविवार. (हे सांगावं लागतं, कारण दर वेळी कोणीतरी "मिस्टरांना विचारा" म्हणतंच.)

चांगलं आधी. ३००० च्या पुढे जो ढकलल्यासारखा जोर येतो त्याची सवय लागते. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) फुस्स आवाज ऐकून शेजारचा मुलगा अजून खिडकीत येतो.

आता न सांगितलं जाणारं. पहिल्या हिवाळ्यात थंड गाडी चालू केली की चिक चिक चिक असा आवाज यायचा, गरम झाली की गायब. दोन महिने पट्टा, टॅपेट, काय काय तपासलं. शेवटी हीट शील्ड काढून टॉर्च मारली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा एक स्टड (बोल्ट) तुटलेला, आणि शेजारी गास्केटवर काजळीचा पंख्यासारखा डाग. तापून-निवून स्टड थकतात. मी बदलले, परत एक तुटला. मग महागडे, उष्णता सोसणारे स्टड आणले तेव्हा थांबलं. त्याच शील्डखाली एका वायरचं आवरण भाजून कडक झालं होतं, हात लावला तर पापडासारखं मोडलं.

टर्बो म्हणजे एक वस्तू नाही, उष्णतेचं नवीन बिऱ्हाड आहे. त्याच्या आजूबाजूचं सगळं हलवावं लागतं.

कोथरूडचा कॉम्प्रेसर

आयडीवरून कळलंच असेल. माझ्याकडे २००८ ची मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर होती, जोडणी पुण्यातलीच. १.८ लिटर, रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर. पुढे कंपनीने त्याच १.८ च्या कुटुंबात सुपरचार्जर काढून टर्बो बसवला, ती सी २०० सीजीआय. ती मेहुण्याने घेतली. त्यामुळे आमच्या घरात हा वाद दिवाळीच्या फराळाला हमखास असतो.

आकडे गंमतशीर आहेत. दोन्हींची ताकद सारखीच, १८४ अश्वशक्ती. माझीचा टॉर्क २५० न्यूटन मीटर, २८०० ते ५००० ला. त्याचीचा २७०, तोही १८०० पासून ४६०० पर्यंत. म्हणजे कागदावर खालच्या आरपीएमला टर्बोच सरस! "सुपरचार्जर म्हणजे खालून जोर, टर्बो म्हणजे वरून" हे पाठ केलेलं वाक्य तिथेच गळून पडतं.

तरीही सांगतो, चांदणी चौकाच्या गर्दीत पुढची जागा पकडायला माझी बरी होती. पाय टेकवला की गाडी हलायची. त्याची अर्धा श्वास घ्यायची.

बूस्टबापू

कॉम्प्रेसरराव, लाख मोलाचं उदाहरण दिलंत. आणि विरोधाभास वाटतो तो नाहीच.

ब्रोशरमधला टॉर्कचा आलेख कसा काढतात? इंजिन बेंचवर एका आरपीएमला धरून ठेवतात, पूर्ण थ्रॉटल देतात, सगळं स्थिरावलं की आकडा घेतात. टर्बोला फिरायला हवा तेवढा वेळ मिळतो. १८०० ला २७० मिळतात हे खरं, पण पाय दाबल्यापासून किती वेळाने, हे त्या कागदावर नसतं. तुमचा अर्धा श्वास त्या दोन आलेखांच्या मधल्या जागेत राहतो. सुपरचार्जर पट्ट्याने बांधलेला, त्यामुळे इंजिन फिरतंय म्हणजे तोही फिरतोय.

सनीवेलकरांसाठी अजून एक, कारण किट विकणारे हे मुद्दाम अंधारात ठेवतात. सुपरचार्जर ही एक जात नाही. रूट्स किंवा स्क्रू पद्धतीचा दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतो, म्हणून २००० ला सुद्धा बूस्ट देतो. सेंट्रिफ्युगल म्हणजे टर्बोचा कॉम्प्रेसरच, फक्त पट्ट्यावर. त्याचा बूस्ट आरपीएमच्या वर्गाच्या आसपास वाढतो. ७००० ला अर्धा बार देणारा ३५०० ला जेमतेम पाव हिस्सा देईल. तुमच्या गाडीसाठी रॉट्रेक्स कंपनीचा सुपरचार्जर असलेली जी किट्स लोकप्रिय आहेत ती याच जातीची. फिटिंग सोपं, तापतं कमी, ट्रॅकवर छान. पण तुमचा खड्डा ३५०० ला आहे. तो तसाच राहील, फक्त पलीकडचा डोंगर उंच होईल.

पिंपरी_पोर

भारी धागा. माझी २०१६ ची स्विफ्ट पेट्रोल. भंगारातून टर्बो आणून लावला तर किती खर्च येईल? मित्र म्हणतो ४० हजारात होतं.

नाशिकचा मिस्त्री

होतं. ४० हजारात टर्बो लागतो. मग इंजिन काम काढायला किती लागतात ते मित्राला विचार.

बूस्टबापू

पिंपरीकर, खर्च सोडा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठणकावून सांगितलंय. अपघात झाला तर विमावाला बोनेट उघडून पहिलं हेच बघेल. टर्बो हवाच तर कारखान्यातून लावून आलेली सेकंडहँड घे. आपल्या चाकणची पोलो टीएसआय आहे, रांजणगावची पुंटो अबार्थ मिळाली तर नशीब, १४५ अश्वशक्ती. तिथे पिस्टन, कूलिंग, मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली इंधन-ठिणगीची जुळवणी) सगळं त्या टर्बोसाठीच बनवलेलं असतं.

पिंपरी_पोर

अबार्थचे पार्ट मिळतात का पण?

नाशिकचा मिस्त्री

वेगळा धागा काढ.

उंच माझा झोका

लेहला गेलो होतो तेव्हा आमची साधी पेट्रोल गाडी खारदुंग ल्यावर अक्षरशः रांगत होती, आणि टर्बो डिझेलवाले शीळ घालत पुढे. सुपरचार्जर असता तर?

बूस्टबापू

तोही थोडा दमला असता. सुपरचार्जर आजूबाजूच्या हवेला ठरावीक पटीने दाबतो. सनीवेलकरांच्या भागातलंच उदाहरण घ्या, टायोगा पास, ३०३१ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्के. दीडपट दाबली तरी १.०५ बार, म्हणजे बूस्टसकट गाडी जेमतेम घरी परतल्यासारखी. टर्बोला वेस्टगेट (जादा वायूला टर्बाइन टाळून सोडणारं दार) असतो, तो जरा कमी उघडून टर्बो जास्त वेगाने फिरवता येतो आणि दाब बराचसा राखता येतो, अर्थात त्याच्या वेगाची मर्यादा येईपर्यंत. विमानात टर्बो गेला तो यासाठीच.

सनीवेलकर

दोन आठवड्यांचा लॉग आला. मलाच धक्का बसला.

ऑफिसचा प्रवास सोडून दिला, तिथे २५०० च्या वर जातोय कोण. डोंगरातला वेळ मोजला. ५५०० च्या वर एकूण वेळाच्या ९ टक्के. ३००० ते ४५०० मध्ये ६१ टक्के! मी स्वतःला फार रेस देणारा समजत होतो. वळणांवर दुसरा गिअर टाकायचा कंटाळा करतो, हे गाडीने लेखी दिलं.

म्हणजे सेंट्रिफ्युगल बाद. रूट्सवाला किंवा छोटा टर्बो. आणि हो, इथल्या एका ट्यूनरने सुचवलंय की आधी हेडर (सिलिंडरमधला धूर गोळा करणारे एक्झॉस्टचे पाइप) बदला आणि मॅप करा, त्यानेच खड्डा अर्धाअधिक भरतो.

जर्सीची मियाटा

हेडरचं खरं आहे, एफआर-एसवाल्यांची ती जुनी युक्ती. पण तुम्ही कॅलिफोर्नियात आहात ना? तुमच्या गाडीचा पहिला कॅटलिस्ट (धूर स्वच्छ करणारा) त्या हेडरमध्येच आहे. तो काढलात की स्मॉगला, म्हणजे धुराच्या सरकारी तपासणीला, गाडी नापास. आमच्या जर्सीत ओबीडी जोडून बघतात. तुमच्याकडे बोनेट उघडून डोळ्यांनी बघतात.

सनीवेलकर

अरे देवा. स्मॉगचा विचारच केला नव्हता. दर दोन वर्षांनी असतो, पुढचा मार्चमध्ये.

बूस्टबापू

मियाटाताईंनी नस पकडली. मी इकडे बसून टॉर्क मोजत राहिलो.

याच मुद्द्यावर निकाल लागतो बघा. टर्बो लावायचा तर तो एक्झॉस्टच्या वाटेवर लागणार, म्हणजे कारखान्याचा हेडर आणि त्यातला कॅटलिस्ट हलणार. कॅटलिस्ट टर्बोच्या मागे गेला की थंड इंजिनावर तो तापायला उशीर, कारण मधलं लोखंड उष्णता खातं. तशा किटला कार्बची (कॅलिफोर्नियाच्या हवा प्रदूषण मंडळाची) मान्यता मिळवणं अवघड काम. सुपरचार्जर सगळा इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, बाजूला. एक्झॉस्टला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. म्हणून मान्यता मिळालेल्या किटमध्ये सुपरचार्जर जास्त दिसतात.

किटचा ईओ नंबर (मान्यतेच्या आदेशाचा क्रमांक) कार्बच्या यादीत स्वतः शोधा, तुमचं साल आणि मॉडेल त्यात आहे का बघा. विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

मी टर्बोच्या पगारावर जगतो, तरी तुम्हाला रूट्स घ्या म्हणतोय. हे ऑफिसात सांगू नका.

कोथरूडचा कॉम्प्रेसर

मेहुण्याला लिंक पाठवली आहे.

आजोबा मोड

पण तिकडच्या पंपावरच्या ९१ ऑक्टेनवर (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल खडखड किती रोखतं तो आकडा) चालेल का? आमच्याकडे ९१ म्हणजे साधं पेट्रोल असायचं.

बूस्टबापू

आजोबा, दोन ९१ वेगळे. आपल्याकडे पंपावरचा आकडा आरओएन. अमेरिकेत आरओएन आणि एमओएन या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, त्यामुळे तिथलं ९१ आपल्या ९५-९६ च्या बरोबरीचं पडतं. अर्ध्या बारच्या आत, थंड प्लग आणि नीट केलेला मॅप असेल तर चालेल. या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड चाकांवर ३०० अश्वशक्तीच्या आसपास कुरकुरतात असा अनुभवी लोकांचा अंदाज आहे. तुम्ही त्याच्या खालीच आहात.

पण ट्रॅक डे आहेत म्हणून ऑइल कूलर आधी. बूस्ट नसतानाही या गाडीचं ऑइल ट्रॅकवर १३० अंशांपुढे जातं. सुपरचार्जरचे पैसे देऊन कूलर "पुढच्या वर्षी" म्हणणारे मी पाहिलेत.

सनीवेलकर

पाच महिन्यांनी धागा वर काढतोय. माफी असावी.

ईटन कंपनीचे रूट्स पद्धतीचे रोटर असलेलं, ईओवालं किट घेतलं. इनटेक मॅनिफोल्डच्या जागी अख्खं धूड बसतं, इंटरकूलर त्याच्या पोटातच, पाण्याचा. पुढे त्याचा वेगळा छोटा रेडिएटर. आधी ऑइल कूलर लावला (बापू, शब्द पाळला). बजेट ९०० डॉलरने फुटलं.

पेज मिलवर तिसऱ्या गिअरमध्ये ३२०० ला पाय दाबला. गाडी काही विचारत नाही आता. खड्ड्याच्या जागी एक बारीक पीठगिरणीसारखा आवाज येतो आणि पुढची गाडी अचानक जवळ येते. लागुना सेकाला मात्र चौथ्या-पाचव्या फेरीनंतर इंटरकूलरचं पाणी तापतं आणि मॅप ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे ताकद कमी करतो. दोन फेऱ्या सावकाश मारल्या की परत ठीक. सेंट्रिफ्युगलवाला मित्र तिथे मला सरळ मागे टाकून गेला. मान्य आहे.

मार्चमध्ये स्मॉगवाल्याने बोनेट उघडून बराच वेळ टॉर्च फिरवली. ईओचा स्टिकर मी रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर लावला होता. त्याने नंबर टाइप केला, स्क्रीनकडे पाहिलं आणि बोनेट लावून टाकलं. पास.

नाशिकचा मिस्त्री

अभिनंदन. एक विचारतो. सुपरचार्जरचा पट्टा वेगळा आहे, की त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि वॉटर पंपही?

सनीवेलकर

तोच एक लांब पट्टा, सगळ्यांना मिळून.

नाशिकचा मिस्त्री

मग तो तुटला तर नुसता बूस्टच जाणार नाही, पाणीही फिरायचं थांबेल आणि दोन मैलात हेड तापेल. पट्ट्याची लांबी कंपनीच्या मूळ पट्ट्यापेक्षा वेगळी असणार, म्हणजे रस्त्यातल्या दुकानात मिळायचा नाही. नंबर लिहून ठेवा.

सनीवेलकर

काल रात्री मागवला. स्टेपनीच्या खोबणीत गुंडाळून ठेवलाय, सोबत १४ चा पाना.